टेप कोरी नव्हती, मशीन चुकीचं होतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाच्या ३८ मिनी डीव्ही कॅसेट (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेट) आपल्याच गावातल्या एका दुकानात कॉपी करायला दिल्या होत्या, चार दिवसांनी दुकानवाल्यानं पिशवी परत दिली आणि म्हणाला काका सगळ्या कोऱ्या झाल्यात, भंगारात टाका. मी स्वतः पंचवीस वर्षं लग्नाची शूटिंग केलेला माणूस, तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि आता सांगतो, त्या ३८ पैकी एकही कॅसेट कोरी नव्हती. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, कारण अशा पिशव्या सोलापुरात घरोघरी माळ्यावर पडून आहेत आणि लोक त्या टाकून देतायत.

आधी कॅसेटमध्ये काय होतं ते सांगतो. भाऊ इथूनच इंजिनियर होऊन कॅलिफोर्नियात नोकरीला गेला आणि तिथं त्याला स्कायडायव्हिंगचा नाद लागला, पुढं तर हेल्मेटवर छोटा सोनीचा कॅमेरा बसवून दुसऱ्यांच्या उड्या शूट करायला लागला. घरी फक्त मला माहीत होतं. २००४ साली पुण्याच्या शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर पॅराशूटनं उडी मारली ती बातमी पेपरात आली तेव्हा आई वाचून म्हणाली, काय धाडस आहे बघ पोरीचं, आणि मी गप्प बसलो, कारण तिचा स्वतःचा मुलगा दर शनिवार-रविवारी विमानातून उड्या मारत होता. आता तो कायमचा परत आलाय, गुडघ्यामुळं उड्या बंद झाल्या, पुढच्या महिन्यात पन्नाशी आहे. त्यासाठी एडिट करून एक फिल्म द्यायची असं मी ठरवलं होतं.

तर कॅसेट कोऱ्या का दिसल्या? कारण त्या अमेरिकेतल्या, म्हणजे तिकडच्या एनटीएससी या टीव्ही सिस्टीमच्या, आणि दुकानात होता आपल्याकडच्या पाल सिस्टीमचा साधा कॅमेरा. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि ५७६ लाईन, एनटीएससीत जवळपास ३० फ्रेम आणि ४८० लाईन, टेपवर लिहायची पद्धतच वेगळी, त्यामुळं त्याच्या कॅमेऱ्यात निळा स्क्रीन आला आणि त्यानं निकाल लावून टाकला. त्या पोराला दोष देत नाही, त्यानं एनटीएससी टेप आयुष्यात बघितली नसेल. पण कोरी आहे असं म्हणायच्या आधी दुसऱ्या मशीनवर लावून बघायला पाहिजे होती.

मग मी डेक, म्हणजे कॅसेट चालवायचं वेगळं मशीन, शोधायला लागलो. शूटिंगचा कॅमेरा प्लेयर म्हणून वापरू नका असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना कायम सांगायचो, आणि स्कायडायव्हिंगच्या कॅसेटला तर ते दुप्पट लागू होतं. एक उडी म्हणजे काय, तेरा हजार फुटांवरून बाहेर पडायचं, तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली यायचं आणि साधारण एका मिनिटात पॅराशूट उघडायचं. म्हणजे कामाचं शूटिंग एक मिनिट, बाकी विमानात बसलेले लोक, अंगठे दाखवणं, उतरल्यावर मिठ्या मारणं. ६० मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये दहा-बारा उड्या सहज असतात. ते एकेक मिनिट शोधायला टेप सारखी पुढं मागं करायची म्हणजे कॅमेऱ्याची ती नाजूक मोटर आणि टेप वाचणारं हेड दोन्ही संपले समजा, हेड ज्यावर बसवलेलं असतं तो ड्रम मिनिटाला ९००० फेरे फिरतो, खेळणं नाही ते.

शेवटी सोनीचा डीएसआर-११ घेतला, जुनाच, मुंबईहून. का तोच? तर त्यात पाल आणि एनटीएससी दोन्ही चालतं, मिनी कॅसेट आणि मोठी कॅसेट दोन्ही बसतात (आपल्याकडं बऱ्याच स्टुडिओवाल्यांनी डीव्हीकॅम या प्रोफेशनल प्रकारच्या मोठ्या कॅसेटवर काम केलेलं आहे), आणि बऱ्याच प्रोफेशनल डेकसारखा मेनूत तासांचा मीटर आहे, ड्रम किती तास फिरला ते दिसतं. जुना डेक घेताना बाहेरून चकाचक आहे का बघू नका, तो आकडा बघा आणि स्वतःची एक कॅसेट घेऊन जा, पूर्ण दहा मिनिटं चालवून बघा. छोट्या स्क्रीनचा सोनीचा जीव्ही-डी१००० पण मिळतो, टेबलावर ठेवायला झकास, पण तो पालचा वेगळा आणि एनटीएससीचा वेगळा, ते बघून घ्यायचं. आणि तुमच्या कॅसेट एचडीव्ही, म्हणजे टेपवर एचडी शूट करणाऱ्या कॅमेऱ्याच्या असतील तर यातलं काही चालणार नाही, एचडीव्हीचाच डेक लागतो.

एक गैरसमज आहे की महाग डेक घेतला की चित्र जास्त सुंदर येतं. नाही येत. टेपवर आकडेच आहेत, म्हणजे डिजिटल, फायरवायर नावाच्या डेटा केबलनं ते आहेत तसे कॉम्प्युटरमध्ये उतरतात, मशीन नीट वाचतंय एवढंच महत्त्वाचं. खरं नुकसान होतं ते लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं कॉपी करून डीव्हीडी हातात देतात तिथं, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तेच चालू आहे. विचारा दुकानात, कुठल्या वायरनं घेणार म्हणून. नवीन कॉम्प्युटरला फायरवायर नसतं, पण डेस्कटॉपला कार्ड बसवता येतं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं घेतलं तर डोकेदुखी कमी.

आणि आता टेपवर शोधत बसायची गरजच नाही. २००४ मध्ये माझ्या पीसीत ८० जीबीची डिस्क होती, सहा कॅसेटमध्ये भरून गेली असती, म्हणून तेव्हा आम्ही आधी टेपवर पॉइंट शोधून तेवढंच घ्यायचो. एका तासाचे साधारण १३ जीबी होतात, माझ्या ३८ कॅसेट मिळून ५०० जीबीच्या आसपास, आज तेवढी डिस्क कुठंही मिळते. म्हणून कॅसेट लावायची, एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं करून घ्यायची म्हणजे चिकटलेली टेप मोकळी होते आणि ताण सारखा होतो, मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात उतरवायची. विनडीव्ही नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टेपवरची तारीख-वेळ बघून रेकॉर्डिंग जिथं थांबलं तिथं फाईल तोडतं, म्हणजे प्रत्येक उडी आपोआप वेगळी! हे बघून मला खरंच गहिवरून आलं, रात्री दोन वाजता एकेक फाईल उघडत बसलो होतो.

पाच कॅसेट मात्र डेकनंही वाचल्या नाहीत, नुसते चौकोन चौकोन. त्या भावानं एलपीवर, म्हणजे लाँग प्लेवर घेतलेल्या, ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ९० मिनिटं. एसपीमध्ये, म्हणजे नेहमीच्या स्टँडर्ड प्लेमध्ये, टेपवरची रेघ १० मायक्रॉनची असते, एलपीमध्ये ७ मायक्रॉनच्या पण आत, त्यामुळं ज्या कॅमेऱ्यावर घेतलं त्याच्यावरच ती नीट लागते, आणि बऱ्याच प्रोफेशनल डेकवर एलपी चालतच नाही. भावाचा तो हेल्मेटवरचा कॅमेरा ट्रंकेत सापडला, बॅटरी मेलेली, पण अ‍ॅडॉप्टरवर चालू झाला आणि चार कॅसेट निघाल्या. म्हणून जुना कॅमेरा कधी विकू नका.

चौकोन आले म्हणून लगेच घाबरायचं पण नाही. तीच जागा, प्रत्येक मशीनवर, प्रत्येक वेळी फुटत असेल तर तो दोष रेकॉर्डिंगमधला आहे. भावाच्या कॅसेटमध्ये पॅराशूट उघडतं त्या क्षणाला हमखास चित्र फुटतं, कारण मान हिसकते आणि कॅमेऱ्यातली टेप हेडवरून क्षणभर हलते. मी ते तसंच ठेवलंय. पण जागा बदलत असेल, आडवे पट्टे येत असतील, तर हेड घाण आहे, क्लीनिंग कॅसेट फक्त पाच-दहा सेकंद लावा, कापूस काडीला लावून आत घालू नका, मी स्वतः एका कॅमेऱ्याचं हेड तसं घालवलंय. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं मुंबईसारखी बुरशी टेपला कमी लागते, पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, तिथून आजच खाली काढा.

१७ नंबरच्या कॅसेटमध्ये भाऊ आरशात बघून हेल्मेटचा पट्टा लावतोय आणि मराठीत म्हणतोय, "आई, हे तुला कधीतरी दाखवणार." आईला आता कमी दिसतं, टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली आणि तो विमानातून बाहेर गेला तेव्हा तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. एवढंच म्हणाली, परत लाव.

आता विनंती. नवीन डेक बनत नाहीत, आहेत ते संपत चाललेत, प्रत्येक घरानं घ्यावा अशी वस्तू पण नाही ती. आपल्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयानं दोन्ही सिस्टीमचा एक चांगला डेक आणि फायरवायरचा एक कॉम्प्युटर ठेवावा, नाव नोंदवून लोकांना वापरू द्यावा. गड्ड्याच्या यात्रेची, नंदीध्वजांची, बंद पडलेल्या गिरण्यांची किती शूटिंग लोकांच्या घरी कॅसेटवर असेल. ज्या कॉलेजच्या, स्टुडिओच्या कपाटात जुना डेक पडून असेल त्यांनी तो भंगारात घालू नये, चालत नसला तरी पार्टसाठी लागतो. अशी सोय कुणी केली तर माझा डीएसआर-११ मी भावाची फिल्म झाल्यावर तिथं नेऊन ठेवायला तयार आहे, चालवायला पण शिकवीन, संध्याकाळी सहानंतर मी मोकळाच असतो.

आपला,
एक जुना व्हिडिओ शूटिंगवाला, सोलापूर