शोकांतिकेतली माणसं एका शब्दात मावत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शोकांतिकांवर पानभर लेख आला, वाचून बरं वाटलं, या नाटकांना पेपरात इतकी जागा क्वचितच मिळते. पण लेखाखाली जी चौकट दिलीय ती बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. शेक्सपियरच्या चार नाटकांचे चार नायक, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे संशय, हॅम्लेट म्हणजे चालढकल, लिअर म्हणजे अहंकार. माणशी एक दोष, आणि तोच त्या नाटकाचा विषय, झालं. गाइडांमधून हेच चालत आलंय, पोरं पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात, मार्कही मिळतात आणि नाटक वाचायचं राहूनच जातं.

मॅकबेथचंच घ्या. १६०६ च्या आसपासचं नाटक. पहिल्याच अंकात तो एकटा उभा राहून स्वतःशी हिशोब मांडतो की डंकन माझा नातलग आहे, माझा राजा आहे, आज माझ्या घरी पाहुणा आहे, वर स्वभावाने सज्जन, मग याला मारायला माझ्याकडे कारण काय, तर नुसती महत्त्वाकांक्षा, दुसरं काहीच नाही. म्हणजे चौकटीतलं उत्तर खून व्हायच्या आधी खुद्द मॅकबेथनेच देऊन टाकलंय! बायकोलाही तो सांगतो की हे आता पुढे न्यायचं नाही. आणि तरी करतो. सगळं कळत असताना माणूस असं कसं करतो आणि केल्यावर त्याच्या आत काय होतं, नाटक तर तिथून पुढे आहे ना. खून करून तो बाहेर येतो, हात रक्ताने माखलेले, आणि बायकोला सांगत काय बसतो, तर झोपेतून चाळवलेल्या दोघांपैकी एक म्हणाला देव आपलं भलं करो, दुसरा म्हणाला आमेन, आणि मला आमेन म्हणता आलं नाही. का नाही म्हणता आलं, मला तर आशीर्वादाची सगळ्यात जास्त गरज होती, हेच घोळवत राहतो. ती म्हणते असा विचार करत बसलो तर वेड लागेल. शेवटी झोपेत चालत, न दिसणारे डाग धूत बसते ती तीच. चौकटीत तिला 'क्रूर' म्हणून मोकळे झालात, पण तीच म्हणते ना की झोपलेला डंकन माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच मारला असता. हे एक वाक्य हातात धरलं की ती बाई क्रूर या शब्दात बसतच नाही.

ऑथेल्लोला संशयी म्हणणं तर मला सरळ अन्याय वाटतो. व्हेनिसला लढाईसाठी हा काळा सेनापती हवा आहे, घरात जावई म्हणून नको आहे. त्याची बायको डेस्डिमोना, तिच्या बापाने त्याला घरी बोलावून त्याच्या लढायांच्या गोष्टी आवडीने ऐकल्या, पण मुलीने लग्न केल्यावर तोच बाप भर सभेत म्हणतो की जादूटोणा केल्याशिवाय हे होणंच शक्य नाही. आणि जाता जाता सुनावतो, बापाला फसवलं तिने, तुलाही फसवेल. ऑथेल्लोच्या हाताखालचा, त्याच्या वाईटावर टपलेला इयागो काय करतो तर तिसऱ्या अंकात नेमकं हेच वाक्य उचलतो आणि बेताने ऑथेल्लोच्या कानात सोडतो. विष त्याचं घरचं नाहीच, व्हेनिसमध्ये ते आधीपासून होतं, त्याने फक्त वापरलं. मग ऑथेल्लो स्वतःकडे त्या लोकांच्या नजरेने बघायला लागतो, मी काळा आहे, दरबारी लोकांसारखं गोड बोलता येत नाही, वय उताराला लागलंय, म्हणून गेली असेल. हे वाचताना पोटात तुटतं हो. एवढ्या सगळ्याला 'संशय' हा एकच शब्द?

हॅम्लेटबद्दल थोडक्यात. ज्याला चालढकल करणारा म्हणतात त्याने पडद्यामागून आवाज आला म्हणून न बघता तलवार खुपसून राजाच्या दरबारी पोलोनियसला मारलंय आणि दोन जुन्या मित्रांना पत्र बदलून मरणाकडे धाडलंय. बापाच्या खुनाचा सूड म्हणून काकाला मारणं, हे एकच कृत्य त्याच्याकडून होत नाही, ते का, हा प्रश्न उघडा ठेवायला हवा.

आणि ज्या बाईत शोधून दोष सापडत नाही तिचं काय करायचं? जॉन वेब्स्टरचं 'द डचेस ऑफ माल्फी' १६१३-१४ च्या सुमाराला लंडनच्या रंगमंचावर आलं, १६२३ मध्ये छापलं गेलं, तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. तरुण विधवा डचेस आपल्याच कारभाऱ्याशी गुपचूप लग्न करते, तिला मुलं होतात, एक भाऊ कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू, आणि दुसरा तिचा जुळा भाऊ फर्डिनंड, दोघांना हे सहन होत नाही, आणि तिला कोंडून, छळून शेवटी गळा आवळून मारलं जातं. मारेकरी समोर उभे असताना ती दासीला सांगते की छोट्याला सर्दी झालीय त्याला औषध दे आणि मुलीला झोपायच्या आधी प्रार्थना म्हणायला लाव. आवडलेल्या माणसाशी लग्न केलं हा तिचा दोष मानायचा असेल तर आपण त्या भावांच्याच बाजूला जाऊन बसतो. त्या नाटकाचा विषय कळतो तो तिच्या ह्या साध्या घरगुती बोलण्यातून, कारण भावांच्या लेखी ती घराण्याची अब्रू आहे आणि ती मात्र शेवटपर्यंत एक आईच असते.

आता लिअर, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. हा म्हातारा राजा तीन मुलींमध्ये राज्याची वाटणी करताना कोण माझ्यावर किती प्रेम करतं ते बोलून दाखवा म्हणतो, गोड बोलणाऱ्या दोघींना देतो आणि खरं बोलणाऱ्या कॉर्डेलियाला हाकलतो, अहंकार आहेच, कोण नाही म्हणतंय. पण ते पहिल्या प्रवेशात संपतं. पुढे वादळ आहे, झोपडी आहे, बिनछपराचे बिनकपड्याचे गरीब अशा रात्री कसे जगत असतील याची मी राजा असताना फार कमी काळजी घेतली, हे त्याचं बोलणं आहे. आणि तिसऱ्या अंकात लिअरला मदत केली म्हणून म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे लिअरचा जावई कॉर्नवॉल काढतो तो प्रवेश. एक डोळा काढून झालाय, दुसऱ्याकडे हात जातोय, आणि कॉर्नवॉलचा एक नोकर, ज्याला नाटकात नावसुद्धा नाही, मध्ये पडतो. म्हणतो, लहानपणापासून तुमची चाकरी केली पण आता थांबा म्हणतोय याहून चांगली चाकरी मी कधी केली नाही. धन्यावर तलवार उपसतो, त्याला जबर जखमी करतो, आणि कॉर्नवॉलची बायको, लिअरची मुलगी रीगन पाठीमागून वार करून त्याला मारते. दुसरा डोळा जातोच. पण कॉर्नवॉल त्या जखमेने मरतो. मोजून काही ओळींचं काम, आणि सबंध नाटकात वरच्या माणसाला हात धरून थांबवणारा तो एकटा. १६०८ च्या छापील प्रतीत त्यानंतर आणखी दोन नोकर आहेत, ते म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावायला जवसाच्या धाग्याची पट्टी आणि अंड्याचा पांढरा भाग आणायला जातात. १६२३ च्या प्रतीत हे दोघे गायब आहेत. नाटक बसवणाऱ्याने हे दोघे ठेवले की गाळले यावर प्रेक्षक कुठल्या मनाने मध्यंतराला उठतो ते ठरतं. अहंकार या शब्दाखाली हा नोकर कुठे ठेवणार सांगा.

दोष आणि त्याची शिक्षा असा हिशोब जुळवायची ओढ जुनीच आहे म्हणा. १६८१ मध्ये नाटककार नेहम टेटने लिअर नव्याने लिहिलं, त्यात लिअर जगतो, राज्य परत मिळतं, कॉर्डेलियाचं ग्लॉस्टरच्या मुलाशी, एडगरशी लग्न लागतं, मूळ नाटकात लिअरच्या सोबत असणारा विदूषक पूर्ण कापलेला. लंडनच्या रंगमंचावर दीडशे वर्षं तेच चाललं. नट एडमंड कीनने १८२३ मध्ये दुःखान्त शेवट परत आणला आणि विदूषक परत यायला १८३८ साल उजाडलं. शेक्सपियरची नाटकं संपादित करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सनसारख्या माणसाने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला इतका धक्का बसला की संपादन करायची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस झालं असेल असं वाटत नाही. मला जॉन्सन समजतो. देव तिचं रक्षण करो असं लिअरचा दुसरा जावई अल्बनी म्हणतो आणि पुढच्याच क्षणी लिअर तिचं प्रेत हातात घेऊन येतो, हे कोणाला सोसेल. पण टेटने निदान उघडपणे नाटक बदललं. आपण नाटक तसंच ठेवतो आणि खाली चौकट टाकून म्हणतो बघा, अहंकाराचं फळ, आणि कॉर्डेलियाने कोणतं फळ भोगलं हे विचारतच नाही.

संपादक महोदय, लेख लिहिणाऱ्यांचा अभ्यास आहे हे लेखात जागोजागी दिसतं, म्हणून तर एवढं सविस्तर लिहिलं. माझी विनंती एवढीच की पुढच्या भागात ती चौकट काढा आणि त्या जागी एखादा प्रवेश मराठीत छापा, पूर्ण, न कापता. सुरुवात त्या नोकराच्या प्रवेशापासून केलीत तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक