विहिरीला एकच शिक्का पुरत नाही

महोदय,

तेल-वायूच्या शोधाच्या बातम्यांत ‘विहीर कोरडी निघाली’ (म्हणजे कामापुरते तेल-वायू मिळाले नाही) किंवा ‘इतके टक्के विहिरी यशस्वी’ असे छापून येते. हे आकडे विहिरींच्या वर्गवारीतून निघतात आणि ती वर्गवारीच आता नव्याने बांधायला हवी.

आजची चौकट मुख्यतः अमेरिकी भूवैज्ञानिक फ्रेडरिक लाही यांनी 1944 मध्ये मांडलेल्या वर्गांवर उभी आहे : नवे क्षेत्र शोधणारी, सापडलेल्या क्षेत्रात खालचा-वरचा साठा शोधणारी, साठ्याची हद्द तपासणारी आणि सापडलेल्या साठ्यातून उत्पादन काढणारी विकास विहीर. खोदण्याआधीचा वर्ग वेगळा, निकालानंतरचा वेगळा, हे तिचे मर्म. पण नोंदवहीत रकाना एकच असेल तर जुने पुसून नवे लिहिले जाते. शोधासाठी खोदलेली विहीर पुढे साठ्यात पाणी दाबण्यासाठी वापरली, की उरते फक्त ‘इंजेक्शन विहीर’. मग शोधाच्या यशाचे प्रमाण काढायचे कशावरून?

साइडट्रॅकचा, म्हणजे त्याच विहिरीतून बाजूला काढलेल्या छिद्राचा, घोळ याहून मोठा. ड्रिल पाइप (खोदाईचा पाइप) अडकून सुटेना, की तो अडकल्या जागेच्या वर तोडतात, सिमेंटचा प्लग टाकतात आणि बाजूने नवे छिद्र काढतात. लक्ष्य तेच, अडचण निव्वळ यांत्रिक. त्याच तोंडातून मुद्दाम दुसऱ्या साठ्याकडे वळवलेले छिद्र मात्र स्वतंत्र शोध असतो. दोन्ही एकाच मापाने मोजली तर कुठे फुकटचे अपयश वाढते, कुठे खरा शोध गळतो. अमेरिकेत विहिरींना दिल्या जाणाऱ्या 14 अंकी एपीआय ओळख क्रमांकात पहिले 10 अंक विहिरीचे आणि पुढचे 2 छिद्राचे असतात. वर्गही तसाच छिद्रागणिक द्यावा.

शेल या बारीक कणांच्या घट्ट खडकात तर वायू खडकभर पसरलेला असतो. तिथे आडवे छिद्र घेऊन, खडक फोडून, खर्च भरून निघेल इतका प्रवाह येतो का, हा खरा प्रश्न. ‘कोरडी’ म्हणून काहीच कळत नाही.

म्हणून हेतू, निकाल, काय निघाले (तेल, वायू की पाणी), छिद्राची दिशा आणि सध्याची स्थिती यांना वेगळे रकाने हवेत. हेतू खोदाईआधी नोंदवून कायम ठेवावा. स्थिती बदलेल तशी तारखेसह लिहावी. ‘कोरडी’पुढे कारण हवेच : साठवण खडक घट्ट निघाला, वरचे आवरण गळके होते, तेल अडवून धरणारा सापळाच नव्हता की तेल तिथवर पोचलेच नाही? पुढचे छिद्र कुठे घ्यायचे, ते यावरच ठरते. आणि लक्ष्यापर्यंत न पोचताच सोडून दिलेली विहीर कोरड्यांत धरू नये. तो खडक अजून तपासलेलाच नाही.

आपला,
एक पेट्रोलियम भूवैज्ञानिक