वेगळ्या अभ्यासक्रमांची माहिती दहावीतच मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांत वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि वाणिज्य महाविद्यालयांच्या कटऑफच्या याद्या पानभर येतात. त्या उपयोगी असतात, याबद्दल वाद नाही. परंतु या याद्यांत कधीच न दिसणारे कितीतरी अभ्यासक्रम महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि ते विद्यार्थ्यांना केवळ योगायोगाने, तेही बहुधा वेळ निघून गेल्यावर कळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावात मी तीस वर्षे माध्यमिक शिक्षक होतो. या उशिराला माझाही हातभार लागला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीत भेटला. घरची मासेमारीची नौका, सारे लहानपण बंदरावर गेलेले. कोणती मासळी कोणत्या दिवसांत किनाऱ्याजवळ येते, बर्फ कमी पडला तर कोळंबी कशी काळी पडू लागते, हे त्याला दहावीतच माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. गुणही बरे होते. दहावीनंतर त्याने मित्रांबरोबर वाणिज्य शाखा घेतली, बी.कॉम. झाला आणि मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहू लागला. तेथे मालाची प्रत तपासणारी मुले त्याच्याच वयाची होती. चौकशी केल्यावर ती शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून आल्याचे त्याला समजले. ‘‘सर, हे कॉलेज घरापासून इतके जवळ होते, मग आपल्या शाळेत त्याचे नाव कधी कसे निघाले नाही?’’ असे त्याने विचारले. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, तरी मला उत्तर देता आले नाही. कारण त्या महाविद्यालयाचे नाव मी ऐकून होतो, पण आत काय शिकवतात याची चौकशी मी कधी केली नव्हती.

ती चौकशी मी नंतर केली. शिरगावचे हे महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे असून तेथे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी मिळते. कोळंबी आणि माशांची बीजोत्पादन केंद्रे, तलावातील पाण्याची परीक्षा, माशांचे खाद्य व रोग, जाळी आणि नौकांची रचना, मासळी टिकवण्याची व प्रक्रियेची शास्त्रीय पद्धत असे सारे त्यात येते, आणि अखेरच्या वर्षात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. समुद्र नसलेल्या नागपूर आणि उदगीर येथेही मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत, कारण तलाव आणि धरणांतील मत्स्यशेती हा तितकाच मोठा विषय आहे. पुढे शिकायचे असेल तर मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मात्र पदवीच्या या वाटेसाठी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा लागते. माझ्या विद्यार्थ्याचा मार्ग बारावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीनंतर अर्ज भरला त्या दिवशीच बंद झाला होता.

दुसरा अनुभव माझ्या घरातला आहे. थोरल्या भावाला पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. समोरच्या वस्तू त्यांना ओळखू येत, पण नाव ओठांवर येत नसे. रुग्णालयात एक तरुण वाक्‌‌उपचारतज्ज्ञ रोज त्यांच्याजवळ बसून ‘तांब्या’, ‘चष्मा’, ‘उशी’ असे एकेक शब्द त्यांच्याकडून काढून घेत असे. हेही एक पदवीचे शिक्षण आहे, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळले. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत बारावी विज्ञाननंतर श्रवण आणि वाणी यांचा पदवी अभ्यासक्रम आहे. कानाची रचना, श्रवणयंत्रे, उच्चारशास्त्र, मुलांमध्ये भाषा कशी वाढते, असे विषय त्यात येतात आणि अखेरीस एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करावे लागते. मराठी बोलणाऱ्या माणसाची वाचा परत आणायची तर उपचार करणाऱ्याला मराठी आतून यावी लागते. भाषांतराने हे काम होत नाही. आमच्या तालुक्यात असा एकही तज्ज्ञ नव्हता आणि भावाला घेऊन आम्ही महिनोन्‌महिने मुंबईच्या खेपा घातल्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या, भाषेची आवड असलेल्या मुलामुलींना या कामाची किती गरज आहे, हे सांगणारे कोणी तरी वर्गात यायला हवे.

विज्ञानाच्या पदवीनंतरही वाटा संपत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वशास्त्राच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, हे किती महाविद्यालयांत सांगितले जाते? शिरूर तालुक्यात इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात त्या संस्थेने उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुने जळालेले धान्याचे दाणे सापडले. असे दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र लागते आणि जनावरांची हाडे ओळखायला प्राणिशास्त्र. ‘बी.एस्‌सी. करून पुढे काय’ म्हणून खिन्न बसलेली मुले मी गावोगाव पाहिली आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, रंगद्रव्ये, तेले, कापडावरील प्रक्रिया अशा विषयांच्या बारावीनंतरच्या स्वतंत्र पदव्या आहेत, पण प्रवेशासाठी पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना कटऑफची उतरंड पाहिली जाते, विषय पाहिला जात नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अभ्यासक्रमाचे नाव नवे आणि आकर्षक आहे एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. वाक्‌‌श्रवणाच्या पदवीला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, पदवी देणारे विद्यापीठ कोणते, प्रयोगशाळा आणि शिक्षक प्रत्यक्षात आहेत का, हे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन पाहावे आणि तेथे शिकत असलेल्या दोन-तीन मुलांशी बोलावे. माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबू नये.

मध्यंतरी काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जात असे. तिच्या अहवालात क्षेत्राचे नाव मिळे, पण त्या क्षेत्रातले शिक्षण कुठे आहे आणि अकरावीला कोणते विषय घ्यावे लागतील, हे मुलाला समजत नसे. म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, की दहावीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक शाळेने जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अशा संस्थांची यादी विषयांच्या अटींसह वर्गात वाचून दाखवावी आणि निदान एका संस्थेला मुलांची भेट घडवावी. शिरगावसारख्या ठिकाणी शाळेची सहल नेण्यास खर्चही फारसा येणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. जूनमधल्या गर्दीत नव्हे, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्याला एक अभ्यासक्रम घेऊन, तो शिकलेल्या तरुणाकडूनच त्यावर लिहून घ्यावे. दिवस कसा जातो, कोणता विषय अवघड जातो, पहिली नोकरी कुठे मिळाली, खर्च किती आला, हे त्यात असावे. कोकण आवृत्तीत पहिला लेख मत्स्यविज्ञानावर घेतलात, तर त्याची कात्रणे किनाऱ्यावरच्या शाळांच्या फलकांवर लावण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी