तुरुंगासाठी डाळ-पिठावर कर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुरुंगांतील गर्दीवरच्या आपल्या अग्रलेखात, अमेरिकेत तुरुंग बांधण्याआधी लोकांचा कौल घेतात, याचे कौतुक केले आहे. आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलला मी आठ वर्षे राहतो. वॉलमार्टचे मुख्यालय इथलेच, त्यामुळे आयटीतली मराठी कुटुंबेही इथे आहेत. असा एक कौल जवळून पाहिला, म्हणून लिहितो.

नोव्हेंबर २०२२मध्ये आमच्या बेंटन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) तुरुंग वाढवण्यासाठी विक्रीकराचे दोन प्रस्ताव मतदानाला ठेवले. एक पाव टक्क्याचा, बांधकामासाठी. दुसरा ०.१२५ टक्क्याचा, रोजच्या खर्चासाठी. दोन्ही मिळून शंभर डॉलरच्या खरेदीमागे साधारण ३७ सेंट. लोकांनी दोन्ही फेटाळले. शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीतला तसाच पाव टक्क्याचा प्रस्तावही त्याच दिवशी पडला.

३७ सेंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण आमच्या गावात विक्रीकर आधीच ९.५ टक्के आहे: राज्याचा ६.५, काउंटीचा १, शहराचा २. राज्याने किराण्यावरचा आपला कर १ जानेवारी २०२६पासून काढला, काउंटीचा आणि शहराचा मात्र राहिला. म्हणजे तुरुंगाचा कर दूध, पीठ, डाळीवरही बसला असता. ज्या घराचा सगळा पगार महिनाअखेरीपर्यंत दुकानातच संपतो, त्याला तो सर्वांत जास्त बोचतो. शिवाय व्हिसावर राहणाऱ्या आम्हाला मत नाही, कर मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

आणि या तुरुंगात असते कोण? काउंटीच्या तुरुंगात शिक्षा झालेलेच असतात, असे मलाही आधी वाटत होते. अमेरिकेतल्या अशा स्थानिक तुरुंगांत दहांतल्या सुमारे सात जणांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. आपल्या भाषेत कच्चे कैदी. कित्येक जण केवळ जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत असतात. हमी देणाऱ्या कंपनीकडे जावे, तर रकमेच्या दहा टक्के तिला द्यावे लागतात आणि माणूस निर्दोष सुटला तरी ते परत मिळत नाहीत. त्यात राज्याच्या तुरुंगांत जागा नाही म्हणून शिक्षा झालेले कैदीही काउंटीकडे अडकून पडतात. ही गर्दी राज्यामुळे झालेली. तिचे पैसे किराणा घेणाऱ्याने का भरावेत?

प्रस्ताव पडला याचा मला निखळ आनंद झाला नाही. वॉशिंग्टन काउंटीच्या तुरुंगात माणसे जमिनीवर गाद्या टाकून झोपत होती, आणि निकालाने त्यांना खाट मिळाली नाही. माझी तक्रार मतदारांविषयी नाही, त्यांना विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. कर हवा की नको, एवढेच मतपत्रिकेवर होते. गरिबाचा जामीन सोपा करायचा का, खटले लवकर चालावेत म्हणून पैसा द्यायचा का, हे कोणी विचारलेच नाही.

तेव्हा महाराष्ट्रात असा कौल घेण्याची आपली सूचना कोणी मनावर घेतली, तर नव्या बराकी किती बांधायच्या याआधी एक यादी लोकांपुढे ठेवावी: जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आर्थर रोड, येरवडा आणि ठाण्यात आज किती कच्चे कैदी अडकले आहेत.

आपला,
एक वाचक, बेंटनव्हिल (आर्कान्सा)