शेगावला जा, पण अनवाणी नको

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. रात्री तळव्यांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, पहाटेपर्यंत मुंग्या येत राहतात, हे वाचताना वाटलं माझंच कुणी लिहिलंय. त्या दुखण्यावर इलाज आहे, ते पुढे लिहितो. पण शेवटी तू सहज लिहून गेलास की गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला नवस म्हणून शेगावला पायदळ जाणार, तेही अनवाणी, अन् "आता खालचं काही टोचतच नाही, त्यामुळे त्रास व्हायचा नाही." गड्या, त्या एका ओळीनं जिवाला घोर लागला.

आग होणं त्रासाचं आहे, पण न टोचणं त्याहून घातक आहे. दोन्हींचं मूळ एकच. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात, अन् नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा अंगात सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथूनच. दोन्ही पायांना सारखीच, अन् मग मोजा चढवल्यासारखी हळूहळू वर. काही नसा कारण नसताना दुखत राहतात, काही काहीच कळू देत नाहीत. म्हणून ज्या पायाची रात्री आग होते त्याच पायात दिवसा बाभळीचा काटा मोडला तरी पत्ता लागत नाही.

माझी तपासणी झाली तेव्हाचं सांगतो. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले. हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा, एवढीच परीक्षा. आधी हातावर लावून दाखवला, मग म्हणाल्या, "पायाला लागला की हो म्हणा." मी वाट पाहत पडून राहिलो. डाव्या अंगठ्याला लागला, हो म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं त्या लिहीत असतील. डोळे उघडले तर धागा माझ्या उजव्या तळव्यावर वाकलेला, अन् मला त्याची गंधवार्ता नाही.

असंच काहीसं तू आज घरी करून बघ. डोळे मिटून पड अन् वहिनीला दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना हलकंच बोट लावायला सांग. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहेत असं समज.

आपण लहानपणी कुष्ठरोग्यांचे पाय पाहिलेत. लोक म्हणत, बोटं रोगानंच झडतात. खरं तर बधिर पायाला जखम कळत नाही, माणूस तसाच चालत राहतो, ती चिघळते, हाडापर्यंत जाते. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी हेच ओळखलं अन् पुढे मधुमेहाच्या पायांनाही तेच लागू पडतं हे सांगितलं. कुष्ठरोग्यांसाठी मऊ एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या रबराची चप्पल निघाली, ती आता आपल्यासारख्यांनाही देतात. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, त्या भागात राहून आपण तरी बधिर पायाला हलकं लेखू नये.

आता आगीचं. गावात दुखण्याची सुई घेतोस ती आधी बंद कर. तिनं नसांच्या दुखण्याला फारसा फरक पडत नाही, अन् मधुमेहात अशा औषधांनी किडनीवर भार येतो. नसांच्या गोळ्या वेगळ्या असतात: प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. डॉक्टर कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो, म्हणून रात्री उठताना सावकाश. मेडिकलवाला म्हणेल ही तर डोक्याची गोळी, तिकडे लक्ष देऊ नको, ती नसांवरही चालते. लघवीला अडतं का तेवढं डॉक्टरांना नक्की सांग. दुखणं साफ जाईलच असं नाही, पण झोप लागण्याइतकं कमी झालं तरी माणूस माणसात येतो. मनानं गोळी बंद मात्र करायची नाही. अन् साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतोयस, तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घे. ते कमी पडलं तरी पाय असेच बधिर होतात, अन् भरून काढता येतं.

नसांच्या या गोळ्यांनी दुखणं दबतं, नस सुधारत नाही. नसा आणखी बिघडू नयेत म्हणून साखरच आवरायला हवी. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही रक्ताची तपासणी करून घे, बहुतेकांना सात टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात. अन् तंबाखू, वसंता. ती सोड.

मला खरी भीती जागलीची आहे. रानडुकरांसाठी तू रात्र शेतात काढतोस, थंडीत पाय शेकोटीजवळ नेतोस. बधिर पाय भाजतो अन् सकाळी फोड दिसतो तेव्हा कळतं. गरम पाण्यात पाय सोडून बसणंही नको. पाणी आधी कोपरानं बघ. पऱ्हाटी काढलेल्या वावरात खुंट असतात, तिथं चप्पलही पुरत नाही, बंद बूट घाल, घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघ. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, तळव्याखाली आरसा धर, नीट दिसत नसेल तर वहिनीला बघायला लाव. भेगांना खोबरेल चोळ, बेचक्यांत नको. पायाला कुरूप झालं तर ते ब्लेडनं कापायचं नाही.

नवस मोडायला मी सांगणार नाही. महाराजांवर माझीही श्रद्धा आहे. पाय तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं तर सुती मोजे अन् बंद बूट घालून चाल, पण बूट आधीपासून वापरात असू दे, नवे करकरीत नको. प्रत्येक मुक्कामाला मोजे काढून पाय बघायचे. मीही सोबत येतो.

सोमवारी सकाळच्या एसटीनं येतो, आपण दोघंही जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊ. आहेत त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं अन् जुने कागद पिशवीत घालून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
भाऊराव