वहीतलं ते पान

ती. माशी,
शि. सा. नमस्कार.

मराठीत माशी म्हणजे घरात घोंघावते ती, आणि बंगालीत मावशी. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतःकडं बोट दाखवून ‘माशी बोलो’ म्हणालात, तेव्हा आम्ही दोघं गोंधळून एकमेकांकडं बघत राहिलो होतो. आता आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात कुणी माशी म्हटलं की तुमचाच चेहरा डोळ्यांपुढं येतो.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. फोनवर हिंदीत वाचून दाखवीनच. पण आधी ते इथल्या आपल्या माणसांनी वाचावं असं वाटतं. अंदमानला जाऊन आलो म्हटलं की सगळे समुद्राचं विचारतात, तुमच्याबद्दल कुणी विचारत नाही.

त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. २०१८च्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको पाठीवर एकेक सॅक टाकून निघालो. सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. “पोती वाहत कसले फिरता, जोडीनं जायचं तर धड हॉटेलात राहा,” म्हणाल्या. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेटीवर रांग लावून लिटल अंदमानची तिकिटं काढली. दक्षिणेला साधारण १२० किलोमीटर, जहाजात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. २९ तारखेला संध्याकाळी हट बेला उतरलो. तिथं नेताजी नगर, रामकृष्णपूर अशी गावांची नावं आहेत, तरी माणसं जागा सांगतात ती जेटीपासूनच्या किलोमीटरवर. बटलर बेचा किनारा म्हणजे चौदा किलोमीटर. त्याच्या अलीकडं रस्त्याला लागून तुमचं दुकान आणि मागं सुपारीच्या झाडांत बांबूच्या दोन खोल्या. रात्रीचे तीनशे रुपये.

पहिले पाच-सहा दिवस जसे जायला हवेत तसे गेले. वाळूतल्या चिलटांनी माझे पाय फोडून काढले, तेव्हा तुम्ही खोबरेल तेलाची बाटली पुढं ठेवलीत आणि रोज सकाळी मी लावलंय की नाही ते बघितलंत. हे खाडीच्या तोंडाशी पोहायला निघाले, तर तुम्ही दुकान उघडं टाकून मागं धावत आलात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्याच खाडीतून ये-जा करतात, हे आम्हाला इंदूरमध्ये कोण सांगणार होतं? आमच्यासाठी तुम्ही मासळीच्या घरात केळफुलाची भाजी केलीत, दुधीत चण्याची डाळ घातलीत. मी तुमच्याकडच्या चिड्याचे, म्हणजे बंगाली पोह्यांचे, आपल्यासारखे पोहे केले आणि सॅकमधल्या पुडीतलं जीरावन, आमचा पोह्यांवरचा इंदुरी मसाला, वर भुरभुरलं. पोहे तुम्ही दोन घास खाल्लेत, पण जीरावन मात्र दुसऱ्या दिवशी तळलेल्या माशावर घातलंत, आणि पुडी संपेपर्यंत घालत राहिलात.

मग पाबुक आलं. थायलंडवर आदळून ते चक्रीवादळ अंदमानच्या समुद्रात उतरतंय, अशी बातमी ४ जानेवारीला रेडिओवर आली. होड्या वर ओढून घेतल्या गेल्या आणि जहाजं बंद झाली. आमचं परतीचं जहाज चुकलं आणि पुढं विमानही. त्या संध्याकाळी तुम्ही काही न बोलता आमच्या दोन्ही सॅक उचलून स्वतःच्या घरात नेल्यात. बांबूच्या खोलीत राहू दिलं नाहीत. तुमच्या खाटेवर आम्ही, आणि तुम्ही खाली चटईवर. नको म्हणायला माझी जीभ उचलेना, कारण तुमचा चेहरा मी बघितला होता.

त्या रात्री तुम्ही झोपला नाहीत. दार किलकिलं ठेवून समुद्राचा आवाज ऐकत बसलात आणि मला २६ डिसेंबर २००४ ची, त्सुनामीची सकाळ सांगितलीत. साडेसहाच्या सुमाराला जमीन हलली. तुम्ही अंगण झाडत होता. मग समुद्र मागं गेला, इतका की कधी न दिसलेले खडक उघडे पडले. कुणीतरी ‘पहाड, पहाड’ ओरडलं आणि तुम्ही हातातला झाडू घेऊनच पळालात. खाली आलात तेव्हा दुकान नव्हतं, घर नव्हतं, शेजारचं कुणी नव्हतं. त्यानंतर कितीतरी काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढलात. बेटावरच्या मूळच्या ओंगी आदिवासींचंही तुम्हीच सांगितलंत: डुगाँग क्रीकची ती माणसं, पाणी ओसरताना दिसताच उंचावर गेली आणि वाचली. “समुद्राचं त्यांना ठाऊक. आम्ही तर काल आलेले,” म्हणालात. तुमचे आईवडील पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले आणि सरकारनं त्यांना या बेटावर जमीन दिली. अख्खा जन्म तिथं काढूनही तुम्ही स्वतःला काल आलेले म्हणता, हे मी विसरलेले नाही.

आमच्या बेटावर पाबुकनं शेवटी वारा आणि पाऊसच दिला. (बघा, ‘आमच्या’ लिहून गेले.) पण जहाज लगेच सुरू झालं नाही आणि आमच्याजवळचे पैसे संपत आले. तेव्हा बेटावर इंटरनेट नावालाच होतं, उपग्रहावरून यायचं. फोनवरून पैसे पाठवायचा प्रश्नच नव्हता. बाजारातलं एटीएम तीन दिवस बंद. हे रोज चालत, मिळेल त्या गाडीनं जेटीपर्यंत जाऊन हात हलवत परत येत होते. माझ्या पोटात गोळा यायचा. घरात मी कधी किराणासुद्धा उधार आणलेला नाही.

दहा तारखेच्या जहाजाची तिकिटं मिळाली. हिशेबाला बसलो. बारा रात्री, दोघांचं दोन वेळचं जेवण, चहा. एकूण ६,८६० रुपये. त्यातले दोन हजार आम्ही आधी दिले होते. राहिले ४,८६०. हातात होतं ते तिकिटापुरतं आणि पोर्ट ब्लेअरला एक रात्र काढण्यापुरतं. यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढं ठेवलं. तुम्ही ते परत त्यांच्या हातात बांधलंत. मग वहीतलं आमच्या हिशेबाचं पान टरकन फाडलंत आणि घडी घालून माझ्या हातात दिलंत. “पहले घर पहुँचो, बाद में भेजना.”

माशी, मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलता येत नव्हतं. आज बोलते. तुम्ही आमचं आडनाव विचारलं नाहीत, पत्ता लिहून घेतला नाहीत. आम्ही किती देणं लागतो याचा एकमेव कागद होता, तोही आमच्याच हाती दिलात. इथं बँकेत, बिल्डरकडं, शाळेत, कुठंही गेलं की आम्ही आधी कागदपत्रं काढून ठेवणारी माणसं. आमच्यावर असा भरवसा माहेरच्यांशिवाय कुणी टाकला नव्हता.

जहाजात शेजारी एक बंगाली गृहस्थ होते. त्यांना ते पान दाखवलं, आकडा खरा लावलाय ना म्हणून. त्यांनी वाचलं, मग उलटून मागची बाजूही वाचली आणि म्हणाले, “मागं दुसऱ्याच कुणाचं उधार आहे. तांदूळ, मोहरीचं तेल, दोन साबण.” मला रडूच फुटलं. आम्हाला देण्याच्या घाईत तुम्ही दुसऱ्याचाही हिशेब फाडून दिला होता.

घरी आल्यावर जीपीओत जाऊन मनिऑर्डर केली. संक्रांत होती, म्हणून सासूबाईंनी स्वतः तिळाच्या वड्या केल्या, डब्याला कापड शिवलं आणि पार्सलमध्ये जीरावनची अर्ध्या किलोची पुडी घातली. वड्या तुम्हाला शिवरात्रीच्या सुमाराला मिळाल्या, तरी गोड होत्या म्हणे. पोतीवाल्या प्रवासाबद्दल सासूबाई त्यानंतर एक शब्द बोललेल्या नाहीत. उलट थंडी पडली की विचारतात, “माशींचं जीरावन पाठवलंस का?”

२०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल तुमच्या बेटापर्यंत पोचली आणि व्हिडिओवर तुमचं दुकान दिसायला लागलं. पहिल्याच फोनवर मी त्या पानाच्या मागच्या बाजूचं सांगितलं. अपराधी वाटत होतं, त्या माणसाचं उधार बुडालं असेल तर आम्ही भरू म्हटलं. तुम्ही आधी समजलाच नाहीत मी काय बोलतेय. समजल्यावर तुम्हाला नवल वाटलं ते माझंच. “तो तर केव्हाच देऊन गेला. त्याला माहीत होतं ना किती ते.”

पान माझ्याजवळ आहे, मनिऑर्डरच्या पावतीसकट. येत्या डिसेंबरात आम्ही येतोय, या वेळी लेकीला घेऊन. तिला बंगाली आकडे त्या पानावरूनच शिकवतेय, चारपर्यंत येतात.

खाट तुमची तुम्ही घ्यायची. चटईवर आम्ही.

तुमची,
इंदूरची मुलगी