कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर काकाजींना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "हे पुण्याचं फॅड इथं नोको" म्हणून उठून जाता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता उठून दाखवा.

पुण्यात मी कंपन्यांची किंमत काढायचे. एका कंपनीने दुसरी विकत घेतली, की दिलेल्या रकमेत ब्रँडचा वाटा किती, ग्राहकांचा किती आणि उरलं ते गुडविल किती, हे ठरवायचं. पुढच्या वर्षी ते गुडविल तेवढ्याचं राहिलं का, हे तपासायचं. काम डोक्याचं, पण फार अरुंद. बाहेर पडायला गेले तेव्हा ते कळलं. कंपन्यांचे वित्त विभाग विचारायचे, "महिनाअखेरीचे हिशोब कधी बंद केलेत?" सौदे करणारे विचारायचे, "एखादा सौदा स्वतः तडीस नेलाय?" दोघांनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हाती होती नोंदणीकृत मूल्यांककाची पात्रता, तीही रोखे आणि वित्तीय मालमत्ता या वर्गापुरती. विदर्भात राळेगावकडे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या शेतकरी उत्पादक कंपनीत आले, तर संचालकांनी पहिल्याच आठवड्यात जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायच्या, मशिनरीची किंमत विचारली. त्याचा मूल्यांकक वेगळा असतो, हे ऐकून सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

शेअरची किंमत काढून द्यावी म्हटलं, तर उत्पादक कंपनीचा शेअर संचालक मंडळाच्या मंजुरीने दुसऱ्या सक्रिय सभासदालाच देता येतो, तोही दर्शनी किमतीला. कायदाच तसा आहे. म्हणजे ज्यात मी तरबेज, ते इथे कुणालाच नको होतं.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरी, तुले भाव काढता येते, माल पाहता येत नाही. माल पाहाले मी शिकवतो."

1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत, म्हणजे कापूस फक्त राज्य सरकारनेच घ्यायचा त्या योजनेत, ग्रेडर म्हणून उमेदवारी केलेला माणूस शिकवतो म्हणाला, हे केवढं मोठं होतं ते मला नंतर उमगलं. तो हंगामभर तुम्ही मला खरेदी केंद्रावर शेजारी बसवलंत. गाडीतला कापूस वरून नाही, खालच्या थरातून उपसायचा. चिमटीत धरून धाग्याची लांबी बघायची. कवडी म्हणजे किडका, न फुललेला कापूस आणि पत्ती म्हणजे वाळक्या पानांचा कचरा किती, ते पाहायचं. मुठीत दाबून सोडायचा. ओला असेल तर तो लवकर फुलत नाही. ओलावा मोजायचं मीटर त्यानंतर. सीसीआयकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाकडे, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, 12 च्या वर खरेदीच नाही. तुमचा अंदाज आणि मीटरचा आकडा जुळला की तुम्ही माझ्याकडे बघायचात, जणू मीटर पास झाला!

पण मला खरी वाट सापडली ती उताऱ्यात. क्विंटलभर कापसातून 33 किलो रुई निघते की 35, यावर जिनिंगचं सगळं गणित. तुम्ही ते बोटांवर करायचात. मी पूर्वी भांडवलाचा खर्च आणि वाढीचा दर असे दोन अक्ष घेऊन तक्ते मांडायचे. त्याच तक्त्यात आता उतारा आणि सरकीचा भाव बसवला. कापूस तसाच विकावा की जिनिंग करून गाठी विकाव्यात, हे आता संचालक त्या कागदावर बोट ठेवून भांडतात. 170 किलोच्या गाठीला सुमारे 5 क्विंटल कापूस लागतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हतीच. उतारा घसरला तर कुठल्या भावापर्यंत तग धरता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

बाबांशी तुम्ही काय बोललात, ते दोघांपैकी कुणीच सांगत नाही. पगार निम्म्याहून कमी झाला, म्हणून ते पार गप्प झाले होते. तुम्ही घरी येऊन गेलात आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी स्कूटी स्वतः पुसून काढली. बोलणं अजूनही बेताचंच आहे, पण कापसाचा भाव मात्र रोज मलाच विचारतात.

एक काम आहे. यंदा केंद्रावर दोन नवी मुलं घेतली आहेत. दोघंही मीटरच्या आकड्याला देववाक्य मानतात. पहिल्या वेच्याचा माल येऊ लागला की मी गाडी पाठवते. गुडघ्याचं कारण चालणार नाही, खुर्ची केंद्राच्या दारातच ठेवली आहे.

आपली,
पुण्याहून आलेली पोरगी